विकत घेतलेल्या यंत्राचा धनी कोण? : स्मार्टफोनवरील उत्पादक-निर्बंध मोडण्याच्या इतिहासाचा विचार

मराठेशाहीतील जमीनधाऱ्याचा अभ्यास करणारास मिरासदार आणि उपरी हा भेद परिचित आहे. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची असे व ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा अधिकार त्यास असे. उपरी हाही जमीन कशी व सारा भरी, परंतु त्याचे कसणे गावाच्या मर्जीवर अवलंबून असे. नांगर धरलेल्या दोघा कुणब्यांकडे पाहून त्यांतील मिरासदार कोणता व उपरी कोणता हे सांगता आले नसते. भेद उघड होई तो वादाच्या प्रसंगी. गेल्या काही वर्षांत जगभर ज्या एका वस्तूविषयी असाच वाद माजला, ती वस्तू म्हणजे स्मार्टफोन होय. पुरे दाम मोजून फोन घेणारा मनुष्य त्या फोनचा मिरासदार की उपरी, हा प्रश्न २००७ नंतर न्यायासनांपुढे, विधिमंडळांपुढे आणि ग्रंथालयाच्या अधिपतीपुढेही आला. प्रस्तुत लेखात या वादाचा इतिहास संक्षेपाने सांगून, त्यात शब्दांच्या अर्थनिश्चितीने कोणते कार्य केले याचा विचार करावयाचा आहे.

आरंभीच संज्ञांचा उलगडा करणे इष्ट होय. उत्पादकाने फोनच्या कार्यप्रणालीत घातलेले निर्बंध तिच्यातील एखाद्या दोषाचा आधार घेऊन मोडणे, यास ॲपलच्या यंत्रांसंबंधी ‘जेलब्रेक’ म्हणतात. अँड्रॉइड प्रणालीच्या फोनांसंबंधी याच कृत्यास ‘रूट करणे’ म्हणण्याचा प्रघात आहे. एका सेवाकंपनीशी बांधलेला फोन दुसऱ्या कंपनीच्या सिमकार्डावर चालेल असा करणे, हे ‘अनलॉक’ करणे होय. या तीन क्रियांची सामान्य बोलण्यात गल्लत होते. तथापि त्यांचे तंत्र भिन्न आहे, आणि कायद्याने त्यांस दिलेली वागणूकही भिन्न आहे, हे पुढील विवेचनावरून दिसेल.

१. पूर्वपीठिका

हा वाद स्मार्टफोनबरोबर जन्मास आला असे समजणे बरोबर नव्हे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ग्राहकाच्या घरातील दूरध्वनीयंत्र हे बेल कंपनीच्या मालकीचे असे व ग्राहक त्याचे केवळ भाडे भरी. कंपनीने न पुरविलेली कोणतीही ‘परकी जोडणी’ यंत्रास लावण्यास तिच्या दरपत्रकातील नियमांनी मनाई होती. ‘हश-अ-फोन’ नावाची एक साधी वस्तू त्या काळी विकली जात असे. दूरध्वनीच्या बोलण्याच्या तोंडावर बसविण्याचा तो एक पेला होता. त्यामुळे बोलणाराचे शब्द खोलीतील इतरांस ऐकू जात नसत. तीत विजेचा वा तारेचा काही संबंध नव्हता. तरीही कंपनीने तिला हरकत घेतली आणि केंद्रीय दळणवळण आयोगाने ती मान्य केली. १९५६ साली वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने हा निर्णय फिरविला. एखाद्या ग्राहकास खाजगी रीतीने उपयोगी पडणारी आणि सार्वजनिक सेवेस अपाय न करणारी योजना करण्यास त्यास प्रतिबंध करता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

बारा वर्षांनी, १९६८ मध्ये, टेक्सासमधील टॉमस कार्टर यांच्या ‘कार्टरफोन’ या यंत्राचा निकाल आयोगानेच याच दिशेने दिला. दोन-मार्गी रेडिओ आणि दूरध्वनी यांची गाठ घालून देणारे हे यंत्र होते. उत्तर नोंदविणारी यंत्रे, फॅक्स व मोडेम ही पुढे ग्राहकांच्या घरी सर्रास दिसू लागली, त्यास या निकालाने मार्ग मोकळा झाला.

या दोन्ही प्रकरणांत एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. तेथे यंत्र कंपनीचे होते, ग्राहक केवळ भाडेकरू होता, आणि तरीही त्याचा हक्क मान्य झाला. २००७ मध्ये यंत्र ग्राहकाचे होते, त्याची किंमतही त्याने भरली होती, आणि तरीही त्याच्या हक्काविषयी शंका घेतली गेली. ही उलटापालट कशी झाली, हाच या इतिहासातील कळीचा प्रश्न होय.

२. तुरुंग, मूळ आणि वीट

या व्यवहारातील शब्द कोठून आले हे पाहिल्यास विषय अधिक स्पष्ट होतो. युनिक्स प्रणालीत सर्व धारिकांची रचना एखाद्या वृक्षाप्रमाणे मानलेली असून तिच्या आरंभस्थानास ‘रूट’, म्हणजे मूळ, असे नाव आहे. ज्यास सर्वाधिकार आहेत अशा वापरकर्त्याचे नावही तेच. १९७९ च्या सुमारास, युनिक्सची सातवी आवृत्ती सिद्ध होत असताना, एखाद्या आज्ञावलीस ठराविक कप्प्यालाच मूळ समजावयास लावण्याची सोय निर्माण झाली. त्या आज्ञावलीच्या दृष्टीने कप्प्याबाहेर जग उरत नाही. अशा बंदिस्त कप्प्यास अभियंते ‘जेल’ म्हणू लागले, आणि २००० साली फ्रीबीएसडी प्रणालीच्या चौथ्या आवृत्तीत त्या नावाची स्वतंत्र योजनाच आली. अर्थात हा तुरुंग आज्ञावलीसाठी होता, माणसासाठी नव्हता. सुरक्षिततेसाठी घातलेले ते कुंपण होते आणि कुंपण घालणारा स्वतः यंत्राचा धनी असे.

आयफोनच्या बाबतीत या शब्दाचा अर्थ सरकला. पहिल्या आयफोनला तारेने संगणक जोडला असता संगणकास फोनमधील केवळ एक कप्पा दिसे. गाणी व चित्रे ठेवण्याचा तो कप्पा होय. त्यापलीकडील संपूर्ण धारिकावृक्षापर्यंत पोचणे हा ‘जेलब्रेक’ या शब्दाचा मूळ मर्यादित अर्थ. लवकरच तुरुंगात कोण आहे याविषयीची कल्पनाच बदलली. प्रथम बंदिवान होती ती आज्ञावली. नंतर बंदिवान मानला गेला तो फोन. आणि अखेरीस वापरणारा स्वतःलाच बंदिवान समजू लागला. लक्षणेने अर्थ कसा विस्तारतो याचे हे चांगले उदाहरण आहे. उत्पादकाच्या दृष्टीने जे कुंपण होते ते ग्राहकाच्या तोंडी तुरुंग झाले, आणि शब्द बदलताच वादाचा नैतिक भारही बदलला. निर्बंध मोडण्याच्या खटपटीत कायमचा निकामी झालेल्या फोनास याच मंडळींनी ‘वीट’ हे नाव दिले. त्यातील विनोद मराठी वाचकास निराळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

३. २००७ आणि त्यानंतर

स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोनची घोषणा ९ जानेवारी २००७ रोजी केली आणि २९ जून रोजी तो अमेरिकेत विक्रीस आला. त्याची किंमत ४९९ व ५९९ डॉलर होती. तो केवळ एटी अँड टी या सेवाकंपनीवर चाले. ज्या नावाच्या कंपनीने अर्धशतकापूर्वी दूरध्वनीवरील पेल्यास हरकत घेतली होती, त्याच नावाशी हा नवा फोन बांधलेला असावा, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे. बाहेरच्या कोणी लिहिलेली आज्ञावली त्या फोनमध्ये घालण्याची सोय नव्हती.

विक्री सुरू झाल्यावर काही दिवसांतच, जुलैमध्ये, पहिला जेलब्रेक झाला आणि त्याचा उपयोग प्रथम घंटीचे आवाज बदलण्यासारख्या किरकोळ गोष्टींसाठी केला गेला. ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतील जॉर्ज हॉट्झ या सतरा वर्षांच्या मुलाने फोन उघडून, त्यातील मंडलावर डाख देऊन, तो दुसऱ्या कंपनीच्या सेवेवर चालवून दाखविला. त्या फोनच्या मोबदल्यात त्यास एक मोटारगाडी व तीन नवे फोन मिळाले. सप्टेंबरमध्ये ॲपलने असा इशारा दिला की, अनधिकृत रीतीने अनलॉक केलेले फोन पुढील सुधारित आवृत्ती घातल्यावर कायमचे निकामी होऊ शकतील. ती आवृत्ती आली आणि कित्येक फोनांच्या विटा झाल्या. ऑक्टोबरमध्ये चित्रधारिका वाचण्याच्या पद्धतीतील एका दोषाचा उपयोग करून केवळ एक पान उघडताच फोन मुक्त होईल अशी योजना निघाली. तिच्यात नमूद करण्यासारखे हे की, फोन मुक्त केल्यावर ती योजना तो दोषही बुजवून टाकी.

जे फ्रीमन यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये ‘सिडिया’ हे आज्ञावल्यांचे भांडार उघडले. ॲपलचे स्वतःचे ॲप स्टोअर सुमारे पाचशे ॲपांसह उघडले ते १० जुलै २००८ रोजी. याचा अर्थ निर्बंध मोडणारांनी ॲपलला ही कल्पना सुचविली, असा सरळ काढता येणार नाही. पण मागणी किती होती हे त्यांनी आधी सिद्ध करून दाखविले, एवढे निश्चित. मजकूर उचलून दुसरीकडे डकविण्याची सोय व चलच्चित्र टिपण्याची सोय ॲपलने २००९ मध्ये दिली. जेलब्रेक केलेल्या फोनांवर त्या दोन्ही २००८ मध्येच मिळत होत्या.

अँड्रॉइडचा इतिहास निराळ्या वळणाने गेला. ऑक्टोबर २००८ मध्ये एचटीसीचा ‘ड्रीम’ हा पहिला अँड्रॉइड फोन आला. त्याच्या प्रणालीत एक अजब दोष राहून गेला होता. वापरणारा जे काही टंकी, ते दृश्य ठिकाणी उमटेच, पण त्याबरोबर सर्वाधिकारी वापरकर्त्याची आज्ञा म्हणूनही पडद्याआड अमलात येई. एखाद्याने निरोपात ‘रीबूट’ हा इंग्रजी शब्द लिहून ओळ संपविली की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होई. उच्चार हीच कृती असते या भाषातत्त्वज्ञानातील सिद्धांताचा इतका शब्दशः प्रत्यय क्वचितच आला असेल. हाच दोष पहिल्या ‘रूट’चे साधन बनला.

गूगलने जानेवारी २०१० मध्ये आणलेल्या नेक्सस वन या फोनात कुलूप उघडण्याची अधिकृत आज्ञाच दिली होती. मात्र ती वापरताच हमी संपुष्टात येई. लोकक्षोभानंतर मे २०११ मध्ये एचटीसीनेही आपल्या फोनांचे बूटलोडर कुलूपबंद न ठेवण्याचे जाहीर केले. स्टीव्ह कोंडिक यांनी २००९ मध्ये आरंभिलेली सायनोजेनमॉड ही मुक्त प्रणाली उत्पादकांनी वाऱ्यावर सोडलेल्या असंख्य जुन्या फोनांना नवे आयुष्य देत राहिली. डिसेंबर २०१६ मध्ये ती बंद पडली, परंतु लिनिएजओएस या नावाने तिची परंपरा पुढे चालली.

४. कायदा आणि शब्दार्थ

अमेरिकेत २८ ऑक्टोबर १९९८ रोजी अंकीय स्वामित्वहक्काचा कायदा संमत झाला. त्याच्या १२०१ व्या कलमाने, स्वामित्वहक्काच्या संरक्षणार्थ घातलेले तांत्रिक कुलूप मोडणे हाच स्वतंत्र अपराध ठरविला. मूळ हेतू चित्रपट व संगीत यांची चोरी रोखण्याचा होता. परंतु फोनमधील कार्यप्रणाली हीही एक लिखित कृती मानली जात असल्यामुळे तिच्यावरील कुलूप या कलमाच्या कक्षेत आले. प्रारंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. १९५६ मधील यंत्र ही केवळ वस्तू होती, तर २००७ मधील यंत्र ही वस्तू आणि ग्रंथ यांची एकत्र गुंफण होती. वस्तू विकली जात होती. तिच्या पोटातील ग्रंथ केवळ वापरावयास दिला जात होता.

दर तीन वर्षांनी या कलमास अपवाद करण्याचा अधिकार कायद्याने काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या ग्रंथपालास दिला आहे. अशा रीतीने जगातील एका अतिविशाल ग्रंथसंग्रहाचा रक्षक हा फोनच्या कुलपांचाही न्यायाधीश झाला. २००६ मध्ये अनलॉक करण्यास अपवाद मिळाला. जुलै २०१० मध्ये, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या अर्जावरून, ग्रंथपाल जेम्स बिलिंग्टन यांनी स्मार्टफोनच्या जेलब्रेकलाही अपवाद दिला. ॲपलने विरोध करताना, अशा फोनांमुळे दळणवळणाच्या मनोऱ्यांनाही धोका पोचू शकेल असे प्रतिपादन केले होते. दूरध्वनीजाळ्याच्या सुरक्षिततेचा हाच युक्तिवाद बेल कंपनीनेही केला होता, हे येथे आठवते.

या निर्णयाला आधारभूत असलेली स्वामित्वहक्क-निबंधकांची शिफारस अभ्यासनीय आहे. ग्राहक हा फोनमधील आज्ञावलीच्या प्रतीचा ‘मालक’ आहे काय, या प्रश्नाचा त्यांनी विचार केला आणि करारांच्या भाषेवरून ही विक्री की परवाना हे स्पष्टपणे ठरविता येत नाही, असा अभिप्राय दिला. मालकीचा प्रश्न असा अनिर्णित ठेवून त्यांनी ‘न्याय्य वापर’ या तत्त्वाचा आश्रय घेतला. जेलब्रेकसाठी आज्ञावलीच्या ऐंशी लाखांहून अधिक बाइटांपैकी पन्नासांहूनही कमी बाइट बदलावे लागतात, म्हणजे सुमारे १,६०,००० वा भाग, ही गणना त्यांनी आधारास घेतली. पाठचिकित्सा करणाऱ्या अभ्यासकास हे प्रमाण उद्बोधक वाटेल. हस्तलिखिताच्या एखाद्या प्रतीत इतकाच पाठभेद आढळला तर ती प्रत भ्रष्ट म्हणून कोणी बाजूस सारणार नाही.

२०१२ मध्ये या अपवादाचे नूतनीकरण झाले, पण टॅब्लेटला तो नाकारण्यात आला. कारण काय, तर ‘टॅब्लेट’ या शब्दाची व्याप्ती फार सैल व अनिश्चित आहे; पुस्तके वाचण्याचे यंत्र वा छोटा संगणकही त्यात येऊ शकेल. एकाच कारखान्यातील, एकाच प्रणालीवर चालणारी दोन यंत्रे. एकाचे कुलूप उघडणे वैध आणि दुसऱ्याचे अवैध. आणि दोहोंतील भेद केवळ संज्ञेच्या व्याख्येचा. २०१५ मध्ये ‘सर्वसाधारण उपयोगाची, बरोबर नेण्याची वा अंगावर घालण्याची संगणनयंत्रे’ अशा आशयाची व्याख्या सिद्ध झाली तेव्हा हा भेद मिटला.

अनलॉकचा अपवाद मात्र २६ जानेवारी २०१३ नंतर घेतलेल्या फोनांसाठी बंद झाला. त्याविरुद्धच्या अर्जावर एक लाखाहून अधिक सह्या झाल्या आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी तो हक्क परत देणाऱ्या कायद्यावर सही केली. तथापि या सर्व व्यवस्थेतील एक मोठे छिद्र तसेच राहिले. अपवाद मिळतो तो कुलूप उघडण्याच्या कृतीस. उघडण्याचे साधन बनवून इतरांस पुरविणाऱ्यास त्याचे संरक्षण नाही. दार उघडण्यास परवानगी, परंतु किल्ली घडविणारा लोहार मात्र असुरक्षित, असा हा प्रकार आहे.

भारतीय कायद्याने निराळा मार्ग धरला. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात ६५अ हे कलम आले. त्यानुसार तांत्रिक संरक्षण मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो, परंतु त्यासाठी हक्कभंगाचा उद्देश असावा लागतो. आणि कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या प्रयोजनासाठी केलेली कृती त्यातून वगळलेली आहे. म्हणजे अमेरिकेत कृती हा अपराध आणि हेतू हा अपवाद, तर येथे हेतूवाचून अपराधच सिद्ध होत नाही.

५. देवनागरीचा प्रश्न

या विषयाचा मराठीशी आलेला संबंध लिपीच्या द्वारे आला. देवनागरीस युनिकोडमध्ये १९९१ पासून स्थान आहे. परंतु अँड्रॉइडच्या आरंभीच्या आवृत्त्यांत देवनागरीचा फाँट सामान्यतः नसे. मराठी निरोप आला तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत. फाँट ठेवण्याची जागा प्रणालीच्या त्या भागात होती, जेथे वापरणारास काही लिहिता येत नाही. म्हणून आपल्याच भाषेचे अक्षर पाहण्यासाठी आपलाच फोन रूट करणे भाग पडे. आणि एवढे करूनही काम पुरे होत नसे. कारण देवनागरीस अक्षरांची केवळ चित्रे पुरत नाहीत, त्यांची जुळणी करणारे यंत्रही लागते. ते नसेल तर ‘किल्ली’ या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागून उमटते आणि जोडाक्षर फुटून पाय मोडलेला ल वेगळा पडतो. ज्यांना रूट करणे जमत नसे ते ऑपेरा मिनी या ब्राउझरमध्ये एक दडलेली निवड बदलून मराठी मजकूर चित्ररूपाने वाचत. २०११ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या चौथ्या आवृत्तीपासून ही अडचण ओसरू लागली.

येथे उत्पादकाचा दुष्ट हेतू होता असे म्हणता येणार नाही. मराठीस कोणी बंदी घातली नव्हती. तिचा विचार झाला नव्हता, एवढेच. परंतु ज्या यंत्रात धन्यास भर घालता येत नाही, त्यात उत्पादकाचे विस्मरण आणि उत्पादकाची मनाई यांचा परिणाम सारखाच होतो. लहान भाषांच्या दृष्टीने या इतिहासाचे खरे मर्म हे आहे. मराठीस कोट्यवधी वाचक असल्यामुळे आज ना उद्या बाजाराने तिची दखल घेतलीच असती. ज्या भाषांचे भाषक काही हजार आहेत, त्यांच्यासाठी स्वतः भर घालण्याचा हक्क हाच एक मार्ग उरतो.

६. दुसरी बाजू

निर्बंधांच्या समर्थकांचे म्हणणे निराधार नव्हते, हेही सांगितले पाहिजे. नोव्हेंबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात जेलब्रेक केलेल्या फोनांत एक किडा पसरला. मूळचा सर्वांस ठाऊक असलेला परवलीचा शब्द लोकांनी बदलला नव्हता, हे त्याचे कारण. तो किडा केवळ पडद्यावरील चित्र बदली. २०१५ मधील ‘कीरेडर’ने मात्र अशाच फोनांतून सव्वादोन लाखांहून अधिक खात्यांची माहिती चोरली. ऑगस्ट २०१६ मध्ये याहून गंभीर गोष्ट उघडकीस आली. संयुक्त अरब अमिरातीतील मानवी हक्कांचे कार्यकर्ते अहमद मन्सूर यांच्या फोनवर आलेला दुवा उघडला गेला असता, तर ‘पेगासस’ या हेरगिरीच्या साधनाने त्यांच्या नकळत तोच फोन जेलब्रेक केला असता. ज्या भेगेतून धनी आपल्या घरात शिरतो, तिच्यातूनच चोरही शिरतो.

यामुळे या दोषांचे मोलही बदलले. २०१५ मध्ये एका खरेदीदाराने अशा शोधासाठी दहा लाख डॉलरांचे बक्षीस लावले. २०१६ मध्ये ॲपलनेही दोष कळविणारांस पारितोषिके देण्याचे जाहीर केले. जो शोध पूर्वी हौसेने सर्वांस वाटला जाई तो आता विक्रीची वस्तू बनला. दुसरीकडे, हवी ती सोय उत्पादकाकडूनच मिळू लागल्याने सामान्य ग्राहकाची निकड घटली. २०१८ च्या अखेरीस सिडियातील खरेदी बंद झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये उघड झालेला ‘चेकमेट’ हा दोष फोनच्या न बदलता येणाऱ्या स्मृतीत असल्याने जुन्या यंत्रांवर तो कायमचा राहिला. परंतु तोपर्यंत चळवळीचा भर ओसरला होता. आपल्याकडेही पैशांच्या व्यवहाराची अनेक ॲपे रूट केलेल्या फोनवर चालण्यास नकार देतात. त्यामुळे मुक्त फोन बाळगणे ही अनेकांस न परवडणारी चैन झाली आहे.

७. उपसंहार

मार्च २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या अंकीय बाजारपेठांच्या कायद्याची बंधने लागू झाली, आणि संघाच्या प्रदेशापुरती तरी ॲपलला आपल्या फोनवर इतरांची ॲप-भांडारे येऊ द्यावी लागली. सोळा वर्षांपूर्वी सिडियाने जे भिंत फोडून मिळविले होते, ते अशा रीतीने कायद्याने दारातून आले. परंतु दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. कायद्याने दिले ते दुसऱ्या दुकानदारास मोकळीक. निर्बंध मोडणारांनी मागितला होता तो धन्याचा अधिकार. दुकाने दोन झाली म्हणून उपरी मिरासदार होत नाही.

या साऱ्या वादात ‘परकी जोडणी’, ‘जेल’, ‘टॅब्लेट’, ‘विक्री’, ‘परवाना’ या शब्दांचे अर्थ ज्याने ठरविले त्याच्या बाजूने निर्णय झुकला. ‘मालक’ हा त्यांतील सर्वांत जुना शब्द. त्याचा अर्थ मात्र निबंधकांनीही २०१० मध्ये अनिर्णित ठेवला. तो ठरविण्याचे काम अभियंत्यांचे व विधिज्ञांचेच आहे असे समजून भाषेच्या व इतिहासाच्या अभ्यासकांनी दूर राहणे योग्य होणार नाही. मोटारी, शेतीची यंत्रे, घरातील उपकरणे यांच्या पोटात आता आज्ञावली आली असून वस्तू आणि ग्रंथ यांची गुंफण सर्वत्र होत आहे. अशा प्रत्येक वस्तूच्या खरेदीपत्रात ‘विकले’ या क्रियापदाचा अर्थ काय, हे विचारणे हे आपल्या विद्याशाखेचेही कर्तव्य आहे.